ब्याण्णव ही अर्धीच वाट

फोंडा तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्राचा सारांश असा:

‘मी ३१ वर्षांचा असून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो. तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या तीन मित्रांबरोबर मी “ओल्ड स्कूल रूनस्केप” हा ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ खेळू लागलो. त्यांतला एक आता पुण्यात, एक दुबईत आणि एक मडगावला असतो. पहिले सहा महिने फार मजेत गेले. एकदा आम्ही चौघे वाट चुकून वाइल्डर्नेस या खेळातल्या धोक्याच्या प्रदेशात शिरलो आणि जवळचे सामान गमावून बसलो, तेव्हा कॉलवर पोट धरून हसलो होतो. आता तिघेही माझ्या पुढे निघून गेले आहेत. खेळातल्या मासेमारीत ९९ वी लेव्हल गाठून ती गाठणाऱ्यांसाठी असलेला मासेमारीचा झगा घ्यायचा असे मी ठरवले होते, पण ९२ वर येऊन कित्येक महिने झाले तरी आकडा हलत नाही. चाबूक या हत्यारासाठी पाचशेहून अधिक राक्षस मारले, तोही मिळाला नाही. मडगावच्या मित्राला तो चाळिसाव्यालाच मिळाला. रात्रपाळीहून आल्यावर दोन तास आणि शिवाय कंपनीच्या बसमध्ये फोनवर, असा मी रोज खेळतो. मासे पकडताना पडद्याकडे बघतही नाही. बायको म्हणते, हा खेळ आहे की दुसरी ड्युटी? खेळण्यातला आनंद आणि आपण पुढे जात आहोत ही जाणीव पुन्हा कशी येईल? की सोडून द्यावे?’

प्रिय वाचक,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबलो: ‘मासे पकडताना पडद्याकडे बघतही नाही.’ तुमच्या अडचणीचे मूळ मला त्याच वाक्यात दिसते. हा खेळ मला अगदी अनोळखी नाही. २०२० च्या टाळेबंदीत भाच्याने हट्टाने मला खाते उघडून दिले आणि त्यानंतर कितीतरी संध्याकाळी मी त्या जगात मनापासून रमलो आहे. म्हणून तुमचा प्रश्न क्षुल्लक आहे असे मला मुळीच वाटत नाही. दिवसभराच्या कामानंतर माणूस ज्या गोष्टीकडे आपल्या इच्छेने वळतो, तीच गोष्ट ओझे झाली तर त्याचे दुःख खरेच असते.

आधी त्या न हलणाऱ्या आकड्याविषयी बोलू, कारण त्याने तुमचे मन विनाकारण खट्टू केले आहे. या खेळात एखाद्या कौशल्यात ९९ वी लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी, म्हणजे अनुभव-गुण, लागतात, आणि ९२ वी लेव्हल मिळते ६५,१७,२५३ एक्सपीवर. म्हणजे तुम्ही शिखरापासून सातच पायऱ्या खाली आहात असे पडद्यावर दिसत असले, तरी प्रत्यक्षात तुम्ही अर्ध्या वाटेवर उभे आहात. लेव्हलचा तक्ताच असा बांधलेला आहे की वरच्या टप्प्यांत साधारण दर सात लेव्हलमागे एकूण एक्सपी दुप्पट होतात. ८५ व्या लेव्हलला ३२,५८,५९४ होते, त्यांचे दुप्पट होऊन ९२ आली आणि तिचे दुप्पट झाले की ९९ येईल. ५० व्या लेव्हलपर्यंत तर अवघे १,०१,३३३ एक्सपी लागले होते, त्यामुळे पहिल्या महिन्यांत दर संध्याकाळी काहीतरी वाढत होते आणि आता काहीच वाढत नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. ज्याला खेळात शार्क आणि आपल्याकडे मोरी म्हणतात, तो एक मासा पकडल्यावर ११० एक्सपी मिळतात. केवळ मोऱ्या पकडूनच ९९ गाठायचे ठरवले तर अजून ५९,००० हून अधिक मोऱ्या पकडाव्या लागतील, आणि तासाला दोनशे मिळाल्या असे धरले तरी ते जवळजवळ ३०० तासांचे काम आहे. तुम्ही आळशी झालेले नाही आणि तुमचे काही चुकलेलेही नाही. तुम्ही ज्या चढावर आहात तोच इतका तीव्र आखलेला आहे, एवढाच याचा अर्थ.

चाबकाचीही गोष्ट अशीच आहे. अ‍ॅबिसल राक्षस मारल्यावर अ‍ॅबिसल चाबूक पडण्याची शक्यता ५१२ मध्ये १ इतकी असते. त्यामुळे ५१२ राक्षस मारले की चाबूक आपल्या हक्काचा झाला असे बहुतेकांना वाटते, पण प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो आणि आधीच्या पाचशे खेपांची त्याला काहीच आठवण नसते. हिशेब केला तर ५१२ राक्षसांनंतर साधारण ६३ टक्के लोकांना निदान एक चाबूक मिळालेला असतो आणि उरलेल्या ३७ टक्क्यांचे हात रिकामे असतात. तुम्ही त्या ३७ टक्क्यांत आहात, आणि तिथे तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. मडगावच्या मित्राने तुमच्यापेक्षा चांगला खेळ केला असे यावरून मुळीच ठरत नाही. शिवाय चाबूक ग्रँड एक्स्चेंज या खेळातल्या बाजारात विकत मिळतो. इतकी वर्षे पकडलेले मासे विकून तो घेण्यात कसलाही कमीपणा नाही. मात्र त्यासाठी खेळाबाहेर खरे पैसे देऊन कुणाकडून नाणी घेऊ नका. ते नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी खाते बंद होऊ शकते.

आता मुख्य गोष्ट. अशा खेळांत दोन प्रकारची प्रगती एकाच वेळी चाललेली असते. एक तुमच्या पात्राची, जी खेळ मोजतो आणि दाखवतो. दुसरी तुमची स्वतःची, जी खेळ मोजू शकत नाही: तुम्ही काय शिकलात, काय पाहिलेत, कोणाच्या सोबतीने काय पार पाडलेत. सुरुवातीला या दोन्ही प्रगती हातात हात घालून चालतात, कारण नवे गाव, नवे हत्यार, नवा शत्रू असे सगळेच अनोळखी असते आणि लेव्हल वाढते तसे तुम्हालाही काहीतरी उमगत जाते. पुढे कधीतरी त्यांची फारकत होते. पात्र वाढतच राहते आणि खेळणारा जागच्या जागी थांबतो. पडद्याकडे न बघता तुम्ही जे मासे पकडता, त्यांत पात्राचे एक्सपी वाढतात, पण गेल्या मंगळवारपेक्षा या मंगळवारी तुम्हाला काही अधिक येते असे नाही. थांबली आहे ती ही दुसरी प्रगती, आणि पहिलीचा आकडा कितीही वाढवला तरी तिची उणीव भरून निघणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेव्हल आणि अनुभव-गुण ही कल्पना मुळात माणसांनी एकत्र बसून खेळण्याच्या खेळातून आली. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला, तेव्हा खेळ चालवणारी व्यक्ती खेळाडूंच्या समोर बसलेली असे. खेळाडू कंटाळले आहेत, जांभया देत आहेत, असे दिसले की ती गोष्टीला वळण देई, एखादा दरवाजा उघडी, एखादा शत्रू पळवून लावी. गुणांचा तक्ता होता, पण तो हाताळणारा माणूसही होता. संगणकाने तक्ता घेतला. खेळाडूचा चेहरा पाहणारी ती नजर मात्र त्याच्याकडे नाही. रात्रपाळीहून आलेल्या माणसाचे डोळे मिटत आहेत हे सर्व्हरला कळत नाही, ते तुम्हालाच कळावे लागते.

आमच्या गावी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधावर, भरती-ओहोटीचे पाणी अडवणाऱ्या मानशीच्या दाराजवळ गळ टाकून बसणारे एक वृद्ध गृहस्थ होते. कोणत्या तिथीला भरती किती चढते, ओहोटी लागल्यावर पाण्याचा रंग कसा पालटतो, तामसो मासा दाराच्या कोणत्या बाजूला येतो, हे त्यांना जितके ठाऊक होते तितके आम्हा पोरांना शाळेतल्या कोणत्याच विषयातले ठाऊक नव्हते. पुष्कळदा ते एक-दोन मासे घेऊन घरी जात आणि काही दिवशी तेही नसत. पण पाण्यावरची त्यांची नजर कधी ढळलेली मला आठवत नाही. तुम्ही खेळात मासेमारी निवडलीत तेव्हा असेच काहीतरी तुम्हाला आवडले असणार, आणि ते आवडणे अजून तुमच्यात असेल असा माझा विश्वास आहे. ते झाकले गेले, कारण तुमची नजरच पाण्यावरून उठली.

रिचर्ड बार्टल हे नाव या क्षेत्रात जुने आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केलेला ‘मड’ हा अनेकांनी एकाच वेळी खेळण्याचा, केवळ मजकुरावर चालणारा खेळ त्यांनी पुढे वाढवला, आणि १९९६ मध्ये अशा खेळांत येणाऱ्या लोकांचे चार प्रकार पत्त्यांच्या चार रंगांनी दाखवले. चौकट म्हणजे मिळवणारे, ज्यांना लेव्हल आणि खजिना हवा असतो. इस्पिक म्हणजे शोधणारे, ज्यांना जगाचा कानाकोपरा उकरून पाहायचा असतो. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे आणि किलवर म्हणजे इतरांशी झुंजणारे. ही विभागणी अगदी काटेकोर आहे असे समजू नका, एकाच माणसात दोन-तीन रंग असतात. पण तुमचे पत्र मी या दृष्टीने वाचले तेव्हा त्यात एकच आनंदाची आठवण सापडली: चौघे वाट चुकलात, सगळे गमावलेत आणि पोट धरून हसलात. त्या आठवणीत एकही लेव्हल नाही. तुमचा रंग बदाम आहे, कडेला थोडे इस्पिकही असेल, आणि गेली दोन वर्षे तुम्ही चौकटीचा डाव खेळत आहात. ज्याला चौकट मनापासून आवडते तो ५९,००० मोऱ्याही आनंदाने पकडतो, आणि त्याच्या त्या आनंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तो आनंद तुमचा नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, मासेमारी सोडू नका, पण एकट्याने करणे सोडा. या खेळात २०२१ पासून टेम्पोरॉस नावाचा एक समुद्री वादळाचा शत्रू आहे, आणि त्याच्याशी लढण्यासाठी मासेमारीची केवळ ३५ वी लेव्हल लागते. अनेक खेळाडू मिळून मासे पकडतात, ते तोफांसाठी पेटीत भरतात, आग लागली की बादलीतल्या पाण्याने विझवतात आणि मोठी लाट येताना दिसली की स्वतःला डोलकाठीला बांधून घेतात. तिथे पडद्यावरून नजर काढली तर लाट तुम्हाला आडवे करते, आणि म्हणूनच मी ते सुचवतो आहे. तुमचे तिघे मित्र कितीही पुढे गेलेले असले तरी त्या जहाजावर ९९ वाला आणि ४० वाला यांना एकाच वेळी एकच आग विझवावी लागते.

दुसरी सूचना जरा धाडसाची आहे. २०२१ मध्येच या खेळात ग्रुप आयर्नमॅन नावाचा प्रकार सुरू झाला. दोन ते पाच जणांनी मिळून अगदी शून्यापासून नवी पात्रे करायची, बाहेरच्या कोणाशी व्यापार करायचा नाही, आणि गटाची एक सामायिक साठवण ठेवायची. तुम्ही चौघे आहात, म्हणजे संख्या जुळते. तिथे तुमच्या मागे पडण्याचा प्रश्नच राहत नाही, कारण सगळे एकाच दिवशी झिंगे पकडण्यापासून सुरुवात करतील, आणि तुम्ही पकडलेल्या माशांवर पुण्याच्या मित्राची लढाई अवलंबून असेल. खेळातल्या मासळीला तेव्हा खाणारा भेटतो. तीन वर्षांचे जुने पात्र सोडवणार नाही असे मित्र म्हणाले तर त्यांच्यावर रुसू नका. आठवड्यातली एक रात्र मागून पाहा. जुने पात्र कुठेही जात नाही, आणि या खेळात मिळवलेली लेव्हल न खेळल्याने कमी होत नाही.

एकट्याने खेळण्याचीही वेळ येईल, कारण पाळ्यांमुळे तुमची आणि त्यांची वेळ दररोज जुळणार नाही. त्या वेळी अशी गोष्ट निवडा जी पात्राला आलीच तर तुम्हाला आल्यामुळेच येईल. अजून केले नसेल तर फाइट केव्ह्ज हे या खेळातले एकट्याने लढण्याचे आव्हान करून पाहा. तिथे शत्रूंच्या ६३ लाटा असतात आणि शेवटच्या लाटेत जॅड हा बलाढ्य राक्षस उभा राहतो. तो पुढचे पाय जमिनीवर आपटतो तेव्हा लांब पल्ल्याचा मारा येतो आणि मागच्या पायांवर उभा राहतो तेव्हा जादूचा. त्या क्षणी त्या माऱ्यापासून वाचवणारी योग्य संरक्षक प्रार्थना खेळात लावली तरच पात्र जगते. यात नशिबाचा भाग फारच थोडा आहे. पहिल्यांदा बहुतेक जण घाबरून चुकीची प्रार्थना लावतात, मीही लावली होती, आणि दुसऱ्या की तिसऱ्या वेळी हात आपोआप योग्य जागी जातो. जॅडला हरवल्यावर मिळणारा अग्निझगा मासेमारीच्या झग्यापेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो. मासेमारीचा झगा ९९ वर ९९,००० नाणी देऊन घ्यायचा असतो, आणि अग्निझगा हातांनी शिकलेली गोष्ट दाखवतो. आपल्याकडून सर्व्हर दूर असेल, मग हे जमेल की नाही अशी शंका घेऊ नका. या खेळाचे घड्याळ ०.६ सेकंदांच्या ठोक्यांवर चालते, त्यामुळे थोडासा उशीर तो सहन करतो. फक्त जुलैतल्या एखाद्या मुसळधार रात्री, वीज जाण्या-येण्याचा भरवसा नसताना, जॅडकडे जाऊ नका.

क्वेस्ट, म्हणजे खेळातल्या कथानक असलेल्या मोहिमा, त्याही अशाच. एखादी क्वेस्ट गाईड न उघडता, संवाद सावकाश वाचत करा. गाईडमध्ये पाहून पाऊल टाकणे म्हणजे दुसऱ्याने केलेल्या प्रवासाची पावती भरणे आहे. अडलात तर आधी मित्राला विचारा, कारण त्यातून चार शब्द बोलणे होते.

एक लहानसा उपाय आजच करता येईल. पडद्यावर वर तरंगणारे एक्सपीचे आकडे नकाशाजवळच्या बटणाने बंद होतात, आणि रूनलाइट हा खेळ चालवण्याचा प्रोग्राम वापरत असाल तर त्यातला एक्सपी ट्रॅकरही बंद करता येतो. तीन आठवडे ते बंद ठेवा. आकडा दिसेनासा झाल्यावर जे काम तुम्हाला लगेच निरर्थक वाटू लागेल, ते तुम्ही केवळ आकड्यासाठी करत होता हे उघड होईल, आणि जे तरीही करावेसे वाटेल ते तुमचे खरे आवडते काम असेल. या एका प्रयोगावर माझा फार भरवसा आहे.

वेळेविषयी थोडे कठोर लिहितो. रात्रपाळीहून आल्यावर आधी झोपा आणि उठल्यावर खेळा. थकलेल्या मेंदूला नवे शिकता येत नाही, म्हणून तो आपोआप न बघता करण्याच्या कामाकडे वळतो, आणि तुम्ही त्याच चाकोरीत परत जाता. बसमधल्या फोनवरच्या मासेमारीलाही काही दिवस रजा द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, खेळाचे व्यसन हा विकार म्हणून नोंदलेला आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळाला वरचे स्थान मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, ही त्याची लक्षणे सर्वसाधारणपणे निदान बारा महिने दिसावी लागतात. तुमच्या पत्रावरून मला तसे वाटत नाही. पण कामावर जाणे चुकू लागले, घरात खोटे बोलावे लागले किंवा झोप उडाली, तर बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत जाऊन भेटा किंवा १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

सोडून द्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. तीन आठवड्यांच्या प्रयोगानंतर आणि मित्रांबरोबरच्या दोन-तीन रात्रींनंतरही मन उदासच राहिले तर अवश्य सोडा, आणि तीन वर्षे वाया गेली असे मनात आणू नका. त्या वाइल्डर्नेसमधल्या रात्रीसाठी मला स्वतःला तेवढी किंमत रास्त वाटली असती.

राहिला तुमच्या पत्नीचा प्रश्न. तो प्रश्न त्यांनी रागाने विचारला असला तरी अचूक विचारला आहे. ड्युटीहून आल्यावर आपण घरी ‘आज आठ तास भरले’ एवढेच सांगतो, आणि गेली दोन वर्षे खेळाविषयीही तुमच्याकडे सांगण्यासारखे तेवढेच होते. या पुढे खेळून उठल्यावर त्यांना काय घडले ते सांगून पाहा: लाट कशी आली, दोरी बांधायला कोण विसरला, जॅडने तुम्हाला कसे आडवे केले. त्या ऐकताना हसल्या तर संध्याकाळ बरी गेली असे समजा. आणि मित्रांना आजच निरोप पाठवा. येत्या शनिवारी तुमची रात्रपाळी नसेल तर रात्री साडेनऊची वेळ सोयीची पडेल. दुबईत तेव्हा आठ वाजलेले असतील, म्हणजे त्या मित्रालाही जेवून बसता येईल.